ओरखडा कंपनीला सांगायचा का?

रायपूरच्या तेलीबांधा तलावाचा काठ सगळे शहर मरीन ड्राईव्ह म्हणून ओळखते. संध्याकाळी तिथे गाडी लावायला जागा शोधणे म्हणजे धीराचे काम. एका अंगाला जीई रोडची धावती रहदारी, दुसऱ्या अंगाला खाऊच्या गाड्यांभोवतीची गर्दी, मधूनच उलट्या बाजूने घुसणाऱ्या स्कूटर आणि पुढे व्हीआयपी रोडने विमानतळाकडे निघालेल्या, घाईत असलेल्या टॅक्स्या. अशा ठिकाणी बंपरला बंपर घासणे, आरसा दुमडणे, दारावर हँडलचा ओरखडा उमटणे हे रोजचेच. बहुतेक वेळा दोन शब्द होतात, कुणीतरी ‘जाने दो भैया’ म्हणतो आणि दोघे आपापल्या वाटेला लागतात. विमा कंपनीच्या कानावर यातले काही जात नाही.

जायला हवे का? साध्या दिसणाऱ्या या प्रश्नाला विमा एजंट एक उत्तर देतो, वर्कशॉपवाला दुसरे देतो, शेजारचे काका तिसरे. माझ्या मते गोंधळ एकाच ठिकाणी आहे. घटना कळवणे आणि दावा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण, आपला एजंट व बऱ्याचदा कंपनीचा कॉल सेंटरवालाही त्या एकच समजतो. दावा न करण्याचा हक्क ग्राहकाला पूर्ण आहे. खोटे सांगण्याचा अजिबात नाही. आणि दुसऱ्या माणसाला लागले असेल, तर गप्प राहण्याचाही नाही.

आधी कायद्याची बैठक पाहू. विमा हा परम विश्वासाचा करार मानला जातो. हे तत्त्व ज्या खटल्यातून रुजले तो 1766 सालचा, इंग्लंडचे न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्यापुढचा. सुमात्रा बेटावरचा इंग्रजांचा एक किल्ला शत्रूच्या हाती पडेल या भीतीने तिथल्या गव्हर्नराने विमा उतरवला होता. किल्ला पडला, आणि गव्हर्नराने माहिती लपवली असे म्हणत विमेकऱ्याने पैसे नाकारले. मॅन्सफिल्डनी दोन्ही पक्षांवर प्रामाणिकपणाचे बंधन सांगितले, पण निकाल गव्हर्नराच्या बाजूने लागला. जे विमेकऱ्याला माहीत असायला हवे होते, ते सांगितले नाही म्हणून तक्रार करता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. आज ग्राहकाला ‘माहिती लपवली’ म्हणून पत्र पाठवणाऱ्या कंपन्या या निकालाचा पहिला अर्धा भाग तेवढा लक्षात ठेवतात, हे मला खटकते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सतवंत कौर संधू प्रकरणात महत्त्वाची माहिती कोणती याची कसोटी सांगितली: विमा घ्यायचा की नाही आणि किती हप्त्याला, हे ठरवताना जाणत्या विमेकऱ्यावर जिचा परिणाम होईल ती. ते प्रकरण मेडिक्लेमचे होते, पण कसोटी सगळ्याच विम्याला लागते. मग तेलीबांध्याच्या पार्किंगमधला ओरखडा या कसोटीला उतरतो का? कंपनीने विचारलेच नसेल तर तो लपवला असे म्हणणे अवघड आहे. विमा नियामकाच्या 2002 च्या पॉलिसीधारक हितरक्षण नियमावलीत एक कलम होते: जिथे प्रस्ताव अर्ज भरून घेतलेला नाही, तिथे मिळालेली माहिती कंपनीने नोंदवून पंधरा दिवसांत ग्राहकाकडून पक्की करून घ्यावी, आणि जी माहिती नोंदलीच नाही ती ग्राहकाने दडवली हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर राहील. आज मोबाईलवर चार बोटे फिरवून नूतनीकरण होते. पडद्यावर जे विचारले तेवढेच उत्तर ग्राहक देणार. त्यामुळे न्याय तिथूनच सुरू व्हायला हवा.

आणि पडद्यावर विचारतात काय? बहुतेक ठिकाणी एकच: मागच्या पॉलिसीत क्लेम घेतला होता का? अपघात झाला होता का, असे नव्हे. या एका ओळीवर नो क्लेम बोनस, म्हणजे बोलीभाषेतला एनसीबी, टांगलेला असतो. 2002 च्या भारतीय मोटर टॅरिफने घालून दिलेली त्याची शिडी अशी: एक वर्ष दाव्याविना गेले की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर 20 टक्के सूट, मग 25, 35, 45 आणि पाचव्या वर्षी 50. एक दावा केला की शिडीच्या पायथ्याशी. तृतीय पक्षाच्या, म्हणजे थर्ड पार्टीच्या हप्त्याला ही सूट नसते. तो दर सरकार ठरवते.

आता हिशेब करू, कारण सगळ्या प्रश्नाचे मूळ इथेच आहे. समजा, एका कुटुंबाला 50 टक्के एनसीबी आहे आणि सुटीआधीचा हप्ता 12,000 रुपये आहे. मागचा बंपर फुटला. नवा बंपर 4,000, रंगकाम 3,000, मजुरी 800, बिल 7,800. प्लास्टिकच्या भागाला निम्मी घट धरतात, म्हणून बंपरचे 2,000 गेले. रंगाच्या एकत्रित बिलात एक चतुर्थांश मालाचा समजून त्याच्या निम्मे, म्हणजे 375 गेले. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट 1,000. कंपनीकडून हाती आले 4,425. उलट बाजूला पुढच्या पाच नूतनीकरणांत गेलेली सूट मोजा, हप्ता तोच धरून: 6,000, 3,600, 3,000, 1,800 आणि 600. बेरीज 15,000. गाडी जुनी होते तसा हप्ता उतरतो, म्हणून प्रत्यक्षात आकडा थोडा कमी येईल. झिरो डेप, म्हणजे घट न कापणारे जोडसंरक्षण, घेतले असेल तर घटीचे 2,375 वाचतील. तरी तराजू कुठे झुकतो ते स्पष्ट आहे. ज्याची गाडी पहिल्याच वर्षात आहे, त्याचे नुकसान याच पद्धतीने 6,000 येते. आणि ज्याने या पॉलिसी वर्षात एक दावा आधीच केला आहे, त्याचा एनसीबी दुसऱ्या दाव्याने आणखी जात नाही, कारण जायला काही उरलेलेच नसते; फार दावे पाहून कंपनी मूळ हप्ता चढवू शकते, एवढे मात्र खरे. 2007 च्या जानेवारीपासून हे दर कंपन्यांच्या हाती आहेत.

म्हणून लहान दुरुस्ती खिशातून करणे हा शहाणपणा आहे, त्यात लपवाछपवी काही नाही. विमा मोठ्या घावासाठी असतो. पण वर्कशॉपच्या काउंटरवर ही गोष्ट उलटी फिरते. सर्व्हिस ॲडव्हायझर गाडीभोवती एक चक्कर मारतो, डाव्या दारावरचा जुना चरा, उजव्या फेंडरची खोक, मागचा बंपर असे सगळे बोटाने दाखवतो आणि म्हणतो, ‘सर, सब एक ही क्लेम में डाल देते हैं।’ फॉर्मवर एकच तारीख, एकच ठिकाण, एकच हकिकत. पुष्कळ सज्जन माणसे तिथे सही करतात, कारण समोरचा रोजचे काम करतो आहे, त्याला माहीत असणार.

ही सही महागात पडते. सर्व्हेअर गाडीजवळ उकिडवा बसतो तेव्हा तो ओरखड्याची जमिनीपासूनची उंची बघतो, चरा पुढून मागे गेला की मागून पुढे हे बघतो, धातूवर गंज चढला आहे का, दुसऱ्या वाहनाचा रंग लागला आहे का हे बघतो. मागून आलेल्या धडकेने उजव्या फेंडरला पुढून खोक पडत नाही. प्रत्येक अपघात हा वेगळा दावा, त्याची वजावट वेगळी, हा नियम आहे. तीन घटना एका हकिकतीत बसवल्या की खरे असलेले नुकसानही संशयात सापडते. 50,000 रुपयांखालच्या मोटर दाव्याला परवानाधारक सर्व्हेअर कायद्याने सक्तीचा नाही. फोटोंवरून निवाडा होऊ शकतो. पण फोटोही बोलतात. पॉलिसी चार दिवस उशिरा नूतनीकृत केली तर तपासणी होते, त्या वेळचे दिसणारे डेंट नोंदवून ठेवतात आणि पुढे त्यांचे पैसे मिळत नाहीत.

आता खोट्या ओळीकडे येऊ. कंपनी बदलताना क्लेम घेतला होता हे न सांगता एनसीबी मागणे, हा आपल्याकडचा सर्वांत नेहमीचा खोटेपणा. कित्येकदा तो ग्राहकाने केलेलाही नसतो. हप्ता कमी दिसावा म्हणून एजंटने खूण केलेली असते. टॅरिफच्या नियमातली घोषणा कडक आहे: माझी माहिती चुकीची ठरली तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे सर्व लाभ जप्त होतील. पण त्याच नियमाने नव्या कंपनीवरही काम टाकले होते. विमा दिल्यापासून 21 दिवसांत तिने जुन्या कंपनीला लिहून खातरजमा करायची, जुनीने 30 दिवसांत उत्तर द्यायचे. न लिहिणे हा टॅरिफचा भंग. प्रत्यक्षात हप्ता घेताना कुणी विचारत नाही, आणि पुढे मोठा अपघात होऊन दावा आला की दोन वर्षांपूर्वीचा बंपर उकरून काढला जातो. आता तर हैदराबादच्या विमा माहिती ब्युरोकडे कंपन्यांच्या पॉलिसी आणि दाव्यांचा साठा असतो. पहिल्या दिवशी तपासता येणारी गोष्ट दाव्याच्या दिवसापर्यंत राखून ठेवणे हा विश्वासाचा व्यवहार नाही.

ग्राहक आयोगांचे निकाल या मुद्द्यावर एका वाटेने गेलेले नाहीत. काहींनी खोटी घोषणा म्हणून सगळा दावा नाकारणे योग्य ठरवले. काहींनी कंपनीने वेळेत खातरजमा केली नाही म्हणून चुकीने मिळालेली सूट तेवढी कापून बाकी द्यायला लावली, तर काहींनी 75 टक्क्यांवर तडजोडीचा मार्ग काढला. हा 75 टक्क्यांचा आकडा विमा व्यवसायातल्या ‘नॉन स्टँडर्ड’ दाव्यांचा. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये अमलेंदू साहू प्रकरणात, खासगी गाडी भाड्याने दिल्याच्या अटभंगात, तो उचलून धरला होता. माझे मत तिसऱ्या नव्हे, दुसऱ्या मार्गाला आहे. चुकीने मिळवलेले 3,000 रुपये वसूल करा, हवे तर दंड लावा; पण तेवढ्यासाठी चक्काचूर झालेल्या गाडीचे चार लाख गिळणे हा न्याय नव्हे. जाणूनबुजून केलेला खोटेपणा मात्र वेगळा मोजावा.

परदेशातल्या मराठी घरांना हा भेद ओळखीचा असेल. ब्रिटनमध्ये गाडीचा विमा घेताना साधारणपणे गेल्या पाच वर्षांतल्या सगळ्या घटना विचारतात, दावा केला असो वा नसो, चूक कुणाचीही असो. पुण्याहून लंडनला गेलेल्या माणसाला हे जाचक वाटते, कारण पार्किंगमधल्या दुसऱ्याच्या चुकीनेही हप्ता चढू शकतो. पण तिथल्या 2012 च्या ग्राहक विमा कायद्याने दुसरी बाजूही बांधून टाकली आहे. ग्राहकाने आपण होऊन सांगण्याचे ओझे काढले. विचारलेल्या प्रश्नाला काळजीपूर्वक उत्तर द्यावे, एवढेच कर्तव्य ठेवले. चूक निष्काळजीपणाने झाली असेल तर दावा हप्त्याच्या प्रमाणात कमी होतो. मुद्दाम केली असेल तर करार रद्द करता येतो. आपल्याकडे जीवन विम्याला विमा कायद्याच्या कलम 45 चे तीन वर्षांचे कवच आहे. वाहन विम्याला असे काहीच नाही, आणि ते यायला हवे.

आतापर्यंत फक्त पत्र्याबद्दल बोललो. माणूस मध्ये आला की सगळा हिशेब बदलतो, आणि इथे मला कुणी कंजूषपणाचा सल्ला दिला तर मी ऐकणार नाही. तेलीबांधा चौकात वळताना एखाद्या स्कूटरवाल्याला गाडी घासली, तो पडला, उठला, कपडे झटकले, कोपर खरचटले. हजार-दोन हजार हातावर ठेवले, ‘यहीं निपटा लो’ म्हणून विषय संपवला. घरी आल्यावर वहिनी विचारतात, ‘अहो, कंपनीला कळवलंत का?’ तर उत्तर येते, ‘कशाला? क्लेम थोडाच करायचाय.’

कळवायलाच हवे. मोटार वाहन कायद्याचे कलम 134 सांगते की जखमीला उपचार मिळवून द्या, पोलिसांना माहिती द्या, आणि विमा कंपनीला लेखी कळवा: पॉलिसी क्रमांक, तारीख-वेळ-ठिकाण, जखमींचा तपशील, चालकाचे नाव. पॉलिसीच्या छापील अटींतली पहिली अटही तेच म्हणते. अपघातानंतर ताबडतोब लेखी सूचना, आणि समोरच्याकडून आलेली नोटीस-समन्स लगेच कंपनीकडे. दुसरी अट त्याहून कमी वाचली जाते: कंपनीच्या लेखी संमतीविना चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचे किंवा देण्याचे वचन द्यायचे नाही. चौकात दिलेले दोन हजार या अटीच्या विरोधात जातात. माणुसकी म्हणून जखमीला दवाखान्यात नेणे, औषधपाणी करणे यात गैर काही नाही, ते कर्तव्यच आहे. पण ‘माझी चूक, मी सगळे भरून देतो’ असा कागद लिहून देणे ही गोष्ट वेगळी.

खरचटलेले कोपर आठवड्याने हाड मोडल्याचे निघू शकते. 2022 च्या एप्रिलपासून भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असतो. म्हणजे पाचव्या महिन्यातही न्यायाधिकरणाची नोटीस दारात येऊ शकते. तोवर कंपनीला अपघाताचा पत्ताच नसेल, तर साक्षीदार शोधायचे कुणी, गाडीचे फोटो आणायचे कुठून? आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 150 मध्ये कंपनीला मिळालेल्या मोजक्या बचावांत एक असा आहे की महत्त्वाची माहिती दडवून किंवा खोटी सांगून पॉलिसी मिळवली म्हणून ती रद्दबातल आहे. एनसीबीच्या खोट्या ओळीवर थर्ड पार्टीची जबाबदारी झटकणे कंपनीला सोपे नाही, पण वाद ओढवून घ्यायचाच कशाला?

‘आता उशीर झाला’ म्हणून गप्प बसणाऱ्यांसाठी दोन आधार आहेत. नियामकाने 20 सप्टेंबर 2011 च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावले की खरा दावा केवळ उशिराच्या तांत्रिक कारणावर यांत्रिकपणे नाकारू नका. आणि 24 जानेवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी ट्रॅक्टर चोरीच्या एका प्रकरणात, पोलिसांत फिर्याद लगेच दिलेली असताना कंपनीला 52 दिवसांनी कळवले म्हणून दावा बुडत नाही, असा निकाल दिला. पोलिसांकडे तत्काळ गेले होते, हा त्या निकालाचा कणा आहे; तो विसरून चालणार नाही.

कळवल्याने एनसीबी जाईल ही भीती लोकांना गप्प ठेवते. नियमाचे शब्द पाहिले तर वर्षभरात दावा केलेला नसावा आणि प्रलंबित नसावा, एवढीच अट आहे. तरीही टोल-फ्री क्रमांकावर फोन केला की पलीकडचा माणूस सवयीने क्लेम क्रमांक तयार करतो, आणि नूतनीकरणाच्या वेळी पडद्यावर ‘एक क्लेम’ दिसतो. म्हणून ई-मेलने कळवावे, विषयातच ‘केवळ माहितीसाठी, दावा करत नाही’ असे लिहावे आणि पोच जपावी. क्रमांक तयार झालाच, तर तो शून्य रकमेने बंद केल्याचे लेखी मागून घ्यावे. कंपन्यांनी स्वतःहून अशी वेगळी नोंदवही ठेवली आणि नियामकाने ‘नुसत्या सूचनेने बोनस जात नाही’ ही ओळ पॉलिसीच्या पहिल्या पानावर छापायला लावली, तर कळवणाऱ्यांची संख्या वाढेल, असे मला मनापासून वाटते.

रायपूरच्या मराठी घरांचा आणखी एक खास प्रश्न आहे. तात्यापाऱ्यातले जुने वाडे असोत की तेलीबांध्याच्या बाजूच्या नव्या इमारती, नागपूर-पुण्याशी येणेजाणे कायमचे. मुलाची एमएच पासिंगची गाडी आईवडिलांकडे येते, भावाची गाडी बहीण चालवते, कागद कुणाच्या नावावर आणि विमा कुणाच्या, याचा पत्ता नसतो. एनसीबी माणसाचा असतो, गाडीचा नाही. गाडी विकली तर विकणाऱ्याने तो आपल्याकडे राखून ठेवायचा, घेणाऱ्याला मिळत नाही. जुन्या मालकाच्या 50 टक्क्यांवर नवा मालक हप्ता भरत राहिला, तर तीही एक चुकीची घोषणाच. छत्तीसगडमधल्या एका ट्रकच्या प्रकरणात तर मालकाने गाडी करारावर आधीच विकली होती म्हणून कंपनीने 2011 च्या अपघाताचा दावा नाकारला. रायपूरच्या जिल्हा मंचापासून सुरू झालेली लढाई 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपली, आणि नोंदणी ज्याच्या नावे तोच मालक, असे म्हणत न्यायालयाने मूळ विमाधारकाला न्याय दिला. मधली नऊ वर्षे मात्र कुणी परत दिली नाहीत.

दावा नाकारल्याचे पत्र आले, तर त्यात कोणत्या अटीचा भंग सांगितला आहे ते आधी पाहावे आणि कंपनीच्या तक्रार कक्षाला लेखी उत्तर द्यावे. महिनाभरात समाधान झाले नाही, तर छत्तीसगडच्या ग्राहकाला भोपाळच्या विमा लोकपालाकडे फुकट दाद मागता येते. 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, ग्राहकावर नाही. दुसरा मार्ग ग्राहक आयोगाचा. 2019 च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात जाण्याची सोय केली आहे, म्हणजे पॉलिसी पुण्यात काढलेली आणि अपघात वाटेत देवरीजवळ झालेला असला तरी रायपूरला राहणाऱ्याने रायपूरलाच अर्ज करावा. मुदत दोन वर्षांची. सोबत नूतनीकरणाच्या पडद्याचा फोटो, एजंटशी झालेला व्हॉट्सॲप संवाद आणि कंपनीला पाठवलेल्या ई-मेलची पोच जोडावी. एनसीबीची खूण कुणी केली, हा वाद तिथे याच कागदांवर सुटतो.